माळढोकवर चढण्याआधी : आमच्या रविवारच्या डावाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातल्या एका गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी आम्ही सहा जण जमतो, चादर अंथरतो आणि 'माळढोक' नावाच्या काल्पनिक जहाजातून अंतराळात जातो. पाच खेळाडू आणि एक मी, गेम मास्टर. 'गेम मास्टर' म्हणायला लांब पडतं म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. शाळेत मी कधी शिकवलेलं नाही. डाव सुरू होऊन दीड वर्ष झालं. नव्या लोकांचे आणि घरच्यांचे प्रश्न तेव्हापासून तेच आहेत. गेल्या महिन्यात एक मोठं भांडण झालं आणि मग जुने खेळाडूही प्रश्न विचारायला लागले. त्या सगळ्यांना एकदाच लिहून उत्तर दिलेलं बरं.

हे नक्की आहे काय? लुडोसारखं, की नाटकासारखं?

दोन्हीतलं थोडं. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. मी परिस्थिती सांगतो : "जहाजाच्या दारावर कुणीतरी हातोडा मारतंय, आणि बाहेर तर हवाच नाही." तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकायचे. बाकी सगळं बोलण्यात. संवाद पाठ नाहीत, पोशाख नाहीत, हरणंजिंकणं नाही. गोष्ट पुढच्या रविवारी तिथूनच पुढे सुरू होते.

फासे आहेत म्हणजे जुगार आहे का?

हा प्रश्न आतापर्यंत तीन आयांनी आणि एका आजोबांनी विचारला. नाही. पैसे लागत नाहीत, लावता येत नाहीत. आजोबा एका रविवारी खात्री करून घ्यायला येऊन बसले. तासाभरानं तेच सांगायला लागले, "त्या कप्तानबाईला सांग, सही करायच्या आधी कागद नीट वाच म्हणून." कागदात खरंच घोळ होता. आमच्यापैकी कुणाच्या तो लक्षात आला नव्हता.

नियम कुठले वापरता?

पाया 'ट्रॅव्हलर' या खेळाचा. मार्क मिलर यांचा हा खेळ १९७७ साली अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपनं काढला. काळ्या रंगाच्या तीन छोट्या पुस्तिका, एका डब्यात. त्यानंतर त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. आम्ही जुनंनवं मिसळून खेळतो. कशाला कुठलं, हे विचारू नका. वाद नको म्हणून एका वहीत लिहून ठेवलंय आणि ती वही गच्चीवरच असते.

लुडोतले साधे सहा बाजूंचे दोन फासे पुरतात. दोन्हींची बेरीज ८ किंवा जास्त आली की काम झालं. कौशल्य असेल तर तेवढं बेरजेत मिळवायचं. नुसत्या नशिबावर ३६ पैकी १५ वेळा जमतं, म्हणजे शंभरात ४२ वेळा. कौशल्य १ असेल तर ५८, २ असेल तर ७२. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण नवे लोक येतात आणि "मी एकटाच सगळ्यांना झोडपतो" म्हणतात. शंभरात ४२ वेळा, भाऊ.

पात्र बनवतानाच ते मेलं, असं ऐकलं. खरंय का?

१९७७ च्या नियमांत खरंय. इतर खेळांत तुम्ही तरुण, कोरं पात्र घेऊन निघता. इथे पात्राचं अर्धं आयुष्य आधी फाशांवर जगून घ्यायचं. वय १८ पासून सुरुवात. नौदल, मरीन, लष्कर, स्काउट, व्यापारी नाहीतर 'इतर', यांपैकी एका नोकरीत शिरायचं. तिथे चार-चार वर्षांच्या पाळ्या करायच्या. प्रत्येक पाळीत जगलात का ते फाशांवर, बढती मिळाली का तेही फाशांवर. जगण्याचा फासा चुकला की पात्र संपलं, नवा कागद घ्यायचा. पुढच्या आवृत्त्यांत मरणाऐवजी अपघात आला : हात गेला, नोकरी गेली, नाहीतर तुरुंगवास झाला. आम्ही हे दुसरं घेतलंय. मरण बाजूला ठेवायचं कारण दया नाही. अपघातातून गोष्ट निघते, मेलेल्या माणसातून निघत नाही.

चौतिशीनंतर म्हातारपणाचे फासे सुरू होतात. जास्त पाळ्या केल्या तर कौशल्य वाढतं, पण ताकद घसरते. कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि इथेच माणूस कळतो. आमच्यातला सगळ्यांत लहान खेळाडू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो "अजून एक पाळी, अजून एक" करत सात पाळ्या व्यापारी जहाजांवर राहिला. बाहेर पडला तेव्हा त्याचं पात्र ४६ वर्षांची, गुडघे दुखणारी कप्तानबाई झालं होतं. आम्ही सगळे तिला काकू म्हणतो. एकोणीस वर्षांचा मुलगा चष्म्यावरून बघत "बाळांनो, आधी हिशोब" म्हणतो तेव्हा कुणी हसत नाही. दीड वर्षात सवय झाली.

जहाजाचं नाव माळढोक का?

नन्नजचा माळढोक माहीत असेलच. वजनदार पक्षी. उडतो, पण उडायची हौस नसल्यासारखा. आमचं जहाजही तसंच : २०० टनी, एका उडीत (एका ताऱ्यावरून दुसऱ्याकडे घेतलेल्या झेपेत) एकच पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या थोडं वर. आणि दोघांचीही संख्या वाढत नाही.

जहाजाचं कर्ज खरोखर फेडावं लागतं का? खेळच तर आहे.

लागतं. या खेळाचं सगळं इंजिन म्हणजे हा हप्ता.

काकूंना निवृत्तीच्या वेळी जहाज मिळालं, कर्जासकट. जहाजाची किंमत ३,७०,८०,००० क्रेडिट (खेळातले पैसे). नियम असा की किमतीचा २४० वा भाग दर महिन्याला, असे ४८० महिने. म्हणजे महिन्याचा हप्ता १,५४,५०० आणि मुदत चाळीस वर्षं. काकूंच्या निवृत्तीच्या फाशांवर जहाज दोनदा आलं. तसं झालं की दहा वर्षांचे हप्ते फिटलेले धरतात. तरी तीस वर्षं उरली. साडेपाच कोटींच्या वर.

आता मिळकत बघा. माल न्यायचं भाडं टनाला १,०००. आमच्याकडे मालाला जागा ८२ टन. महिन्याला दोन उड्या होतात, तळघर दोन्ही वेळा पूर्ण भरलं तर १,६४,०००. हप्ता वजा जाता हातात ९,५००. एका उडीला २० टन हायड्रोजन लागतो आणि शुद्ध हायड्रोजन टनाला ५००, म्हणजे एकाच उडीचे १०,०००. पगार अजून धरलेच नाहीत. प्रवासी मिळाले तर निभतं. मिळाले नाहीत तर वायुग्रहाच्या ढगांत शिरून फुकट, अशुद्ध इंधन उपसायचं आणि इंजिन बिघडू नये म्हणून प्रार्थना करायची. म्हणून तर कुणी संशयास्पद माणूस "या पेटीत काय आहे विचारू नका, दुप्पट देतो" म्हणाला की माळढोकवर शांतता पसरते.

आमचा हिशेबनीस पूर्व भागातला, घरी यंत्रमाग. हे आकडे पहिल्यांदा ऐकल्यावर तो म्हणाला, "मास्तर, हे अंतराळ नाहीये. हे आमचं घर आहे. सूत महागलं, टॉवेलचा भाव तोच, आणि बँकेचा माणूस पाच तारखेला." तेव्हापासून हिशोबाची वही त्याच्याकडे. त्याच्या वहीतली चूक मला अजून सापडलेली नाही. मी शोधली नाही असं नाही.

उडीत एक आठवडा जातो म्हणता. तो आठवडा कसा खेळता?

बहुतेक वेळा दोन वाक्यांत. कुठेही उडी मारा, साधारण एक आठवडा लागतो आणि त्या आठवड्यात बाहेरच्या जगाशी काहीच संबंध नसतो. मुद्दा वेगळाच आहे : या विश्वात जहाजापेक्षा वेगानं काहीच जात नाही. फोन नाही, रेडिओ फक्त त्या त्या सूर्यमालेपुरता. बातमी जहाजानंच येते. म्हणजे शेजारच्या ताऱ्याची ताज्यात ताजी बातमीही आठवडाभर शिळी. हे नीट समजून घ्या. आमचं भांडण ह्यावरूनच झालं.

'टाकी'चं काय झालं? आणि ते मास्तरनं आधीच ठरवलं होतं का?

हा तो प्रश्न. जरा सविस्तर सांगतो.

'टाकी' हे आमच्या गोष्टीतलं एक अंतराळ स्थानक. तिथे बर्फाचे डोंगर फोडून पाणी आणि हायड्रोजन बनवतात. जगाला पाणी विकणाऱ्या कामगारांना स्वतःला मात्र पाणी चार दिवसांआड. (ही कल्पना मला कुठे सुचली हे सोलापूरकराला सांगायला नको.) एका रविवारी त्या कामगारांनी अधिकाऱ्यांना हाकललं आणि स्थानक स्वतः चालवायला घेतलं. पाण्याच्या पाळ्या लावल्या, गोदाम उघडलं, दरवाजांवर आपली माणसं ठेवली.

हे मी मे १९३० वरून घेतलंय आणि ते लपवलेलं नाही. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, ८ मेला गोळीबार झाला, त्यानंतर काही दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ता जाग्यावर नव्हती आणि १२ मेला मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. शाळेत हे आपण तारखांसारखं पाठ केलं. मला त्या मधल्या दिवसांबद्दल कुतूहल होतं. सत्ता निघून गेलीय आणि परत यायची आहे, तेवढ्या वेळात लोक काय करतात? एक नियम मात्र पहिल्याच दिवशी केला : हुतात्म्यांची नावं कुठल्याही पात्राला द्यायची नाहीत, आणि डावात त्यांची नक्कल नाही.

माळढोक तेव्हा टाकीवरच होतं. खेळाडूंनी ठरवलं की दोन पार्सेकवरच्या बाजारग्रहावर जायचं आणि औषधं, सुटे भाग, जमलं तर चार हत्यारं घेऊन यायचं. दुसऱ्या दिवशी निघाले. परत आले तेव्हा स्थानकावर साम्राज्याचं आरमार उभं होतं आणि कामगार समितीतले निम्मे लोक गायब होते.

गच्चीवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "काय करलालाव मास्तर हे?" इथून सुरुवात झाली. म्हणणं एकच : आम्ही नसताना तुम्ही गोष्ट संपवून टाकलीत, मग आम्ही खेळलो कशाला?

मी माझी वही उघडून दाखवली. पहिल्या दिवशी पळालेले अधिकारी आठव्या दिवशी आरमाराच्या तळावर पोहोचले. तयारीला तीन दिवस. अकराव्या दिवशी ताफा निघाला, अठराव्या दिवशी टाकीवर. माळढोकचं गणित : दुसऱ्या दिवशी निघालं, नवव्या दिवशी मधल्या ताऱ्यावर, एक दिवस इंधन, सतराव्या दिवशी बाजारग्रह. तीन दिवस खरेदी. परतीच्या दोन उड्या धरून पस्तिसावा दिवस. आरमाराला स्थानकावर येऊन सतरा दिवस झाले होते. म्हणजे मी काहीच ऐन वेळी घुसडलं नव्हतं. तारखा आधी लिहिलेल्या होत्या, शाई वेगळी होती, सगळं रीतसर होतं. मी जिंकलो असं मला वाटलं.

मग काकू, म्हणजे तो एकोणीस वर्षांचा मुलगा, शांतपणे म्हणाला, "तळ एका उडीवर आहे हे आम्हाला कुठं माहीत होतं?"

मी म्हटलं, नकाशात आहे, तुम्ही विचारलं नाही. तो म्हणाला, "मी नाही विचारलं. पण काकू अठ्ठावीस वर्षं याच मार्गावर जहाज चालवतेय. तिला विचारावं लागेल का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तारखा मी बरोबर लावल्या होत्या, पण त्या तारखा ज्या माणसाला दिसायलाच हव्यात त्याच्यापासून दडवून ठेवल्या होत्या. सोलापूरच्या माणसाला पुण्याची गाडी किती तासांची ते विचारावं लागत नाही. पात्राला जे माहीत असणारच, ते खेळाडूला न मागता सांगणं हे माझं काम आहे. रहस्य ठेवायचं तर ते पात्रापासून. खेळाडूच्या अडाणीपणावर रहस्य उभं करायचं नाही.

मग झालेलं मागे फिरवलं का?

नाही. यावर मतदान घेतलं. "मागे न्या" म्हणणारे दोन, "राहू द्या" म्हणणारे तीन. माझं मत धरलं नाही. कारण हिशेबनिसानं सांगितलं : मागे नेलं तर पुढच्या वेळी कशाचीच भीती उरणार नाही. पण दोन गोष्टी बदलल्या. एक, मोठ्या निर्णयाआधी मी प्रत्येकाला 'तुझ्या पात्राला काय माहीत आहे' याची चिठ्ठी देतो. दोन, उडी मारण्याआधी कुणीही "थांबा, गणित" म्हणू शकतं. मग मी नकाशावर सगळ्यांसमोर दिवस मोजतो. फक्त आमचे नाहीत, समोरच्याचेही, जेवढे आमच्या लोकांना अंदाजानं कळतील तेवढे.

मास्तर, तुम्हाला राग आला होता का?

आला होता. दोन रविवार घरी पाणी आल्याचं कारण सांगून मी डाव टाळला. पाणी खरंच आलं होतं, पण तेवढंही नाही.

कुठल्या भाषेत खेळता?

मराठीत, सोलापुरी मराठीत, म्हणजे अधूनमधून 'बे' येणारच. दोघांच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कन्नड, एकाची दखनी. सुरुवातीला मी परग्रहवासीयांना असे हेल देऊन बघितलं, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ज्याच्या आजीचा हेल आहे तो समोर बसलाय. बंद केलं. आता परग्रहवासी छापील मराठी बोलतात. ते सगळ्यांनाच परकं वाटतं.

तक्रार माझीही आहे. मला तेलुगू येत नाही, हे त्या दोघांना माहीत आहे. माझ्यासमोर बसून, माझ्याच खलनायकाविरुद्ध, तेलुगूत कट शिजतो. नियमात हे बसतं का? वहीत लिहिलेलं नाही म्हणजे बसतं. मी शिकायला घेतलंय.

एखादा खेळाडू आला नाही तर?

त्याचं पात्र शीतपेटीत. खेळात स्वस्त प्रवाशांना गोठवून नेतात, भाडं फक्त १,०००, आणि उठवताना फासा वाईट पडला तर माणूस उठतच नाही. गैरहजर खेळाडूला हा फासा आम्ही माफ केलाय. आमचा नॅव्हिगेटर नोकरीसाठी पुण्याला गेला, तो एक आड एक शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री येतो. त्याचं पात्र इतक्या वेळा गोठून उठलंय की बाकीच्यांपेक्षा ते चार महिन्यांनी तरुण आहे. तो हे विसरू देत नाही.

नको असलेला विषय निघाला तर?

चादरीच्या मध्यभागी फुली मारलेलं एक कार्ड असतं. त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. दीड वर्षात तीनदा वापरलं गेलं. एकदा मी स्वतः.

चादर कशाला?

फासे आवाज करत नाहीत आणि उडून खाली अंगणात जात नाहीत. टॉवेलवरही चालतं, पण चादरीला नक्षी असते, तिच्यावर जहाज ठेवून दिशा दाखवता येते.

सोबत काय आणायचं? खर्च किती?

पेन्सिल. पेन नको, आकडे सारखे बदलतात. बाकी काही विकत घ्यायचं नाही. खाणं आळीपाळीनं असतं, बहुतेक कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणीचं तेल कागदाला लागतं आणि मग '६' आहे की '८' यावर भांडण होतं, म्हणून खाल्ल्यावर हात धुवा. पाणी नसेल तर पुसा.

वेळ कधीची?

संध्याकाळी सात ते दहा. एप्रिल-मेमध्ये साडेसात, कारण त्याआधी गच्चीवर पाय ठेवता येत नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत डाव बंद. डावातून मध्येच उठायला दोन कारणं चालतात : घरी आजारपण, आणि घरी पाणी आलं. दुसऱ्यासाठी परवानगीही मागू नका, पळा.

आता मध्येच सामील होता येईल का?

एक जागा आहे. गोष्ट माहीत नसली तरी चालेल, उलट बरंच : तुमचं पात्र टाकीवरून निसटलेलं असेल. समितीतल्या गायब लोकांपैकी एक. तिथे त्या सतरा दिवसांत काय झालं हे माळढोकवर कुणालाच माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

सध्या डाव कुठे थांबलाय?

छत्तिसावा दिवस. माळढोक टाकीपासून दूर, बर्फाच्या एका डोंगराआड, दिवे बंद करून उभं आहे. तळघरात औषधं आणि चार पेट्या, ज्यांची पावती नाही. जहाजात इंधन एका उडीपुरतं. हप्ता नऊ दिवसांवर. आरमाराच्या जहाजानं रेडिओवर विचारलंय, "तुम्ही कोण? कुठून आलात?" काकूंनी माइक हातात घेतला आणि तेवढ्यात खालून हाक आली, पाणी आलं म्हणून.